तरुण रक्ताचं पत्रक

डॉक्टरांनी अण्णांना पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारीन म्हणाल्या. मग एक छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. अण्णांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि आधी त्या कागदावरच्या तीन चुका दुरुस्त केल्या. एका शब्दाचा काना सुटला होता, एक शब्द दोनदा पडला होता आणि चौथ्या प्रश्नानंतर एकदम सहावा होता. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं हा कागद वापरतेय, कुणीच दाखवलं नाही." मग त्यांनी ते पाच शब्द विचारले.

अण्णांना एकही आठवला नाही. शब्द सांगितले होते, हेच आठवत नव्हतं.

"कुठले शब्द?" म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं. जणू मी ते कुठेतरी लपवून ठेवलेत.

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात आमची ही चौथी खेप होती. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी जिथे बसतात तो मेंदूचा भाग, वयाच्या मानाने जास्त आक्रसला होता. बारीक रक्तवाहिन्यांच्या वाटेवर पांढरे ठिपके होते. "अल्झायमर्स, सुरुवातीचा टप्पा. जोडीला रक्तवाहिन्यांचा भागही आहे. याला आम्ही मिक्स्ड डिमेन्शिया म्हणतो." डिमेन्शिया म्हणजे नुसता विसराळूपणा नाही. रोजची कामं स्वतःची स्वतः करता येणं हळूहळू सुटत जातं, ते. हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी फक्त फिल्मवरचे पांढरे ठिपके बघत होते आणि माझी पाठ दुखत होती.

हे लिहितेय ते तुमच्यापैकी कुणी उद्या त्याच खुर्चीवर बसेल म्हणून. माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली, तीही सांगणार आहे.

आधी अण्णांबद्दल. अण्णा माझे वडील, वय अडुसष्ट. कल्याणच्या एका छापखान्यात त्यांनी प्रूफं वाचण्यात उमर घालवली. उरलेला वेळ चळवळीत. विठ्ठलवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये टीव्हीच्या आधी पत्रकं आली. नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेत मुलांना वेगळं बसवलं, पत्रक. अंगात आलेल्या बाईने शेजारणीच्या पोराचं औषध बंद केलं, त्याच संध्याकाळी पत्रक. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. मूळ मजकूर हातात धरून मी मोठ्याने वाचायचे आणि अण्णा प्रूफ तपासायचे. कुणी काही ठासून लिहिलं असेल आणि त्याला आधार दिला नसेल, तर ते समासात लाल शाईने एकच शब्द लिहायचे: कशावरून? मोठमोठे पुढारी त्या शब्दाला वैतागायचे. एक जण म्हणाला होता, "अण्णा, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" अण्णा म्हणाले, "कागदाच्या."

आमच्या घरात एक नियम होता. अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठलंही पत्रक छपाईला जात नसे. छापखाना सुटला, तरी नियम सुटला नाही.

पहिलं लक्षण, तेच तेच परत विचारणं, आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी त्याला दुसरं नाव दिलं. आई म्हणाली, थकलेत. माझा भाऊ, दादा, जो आता ठाण्यात राहतो, म्हणाला, रिटायर झाल्यावर होतं असं. मी म्हणाले, कान तपासू. मग एक दिवस खडवलीहून फोन आला. स्टेशनबाहेर एक गृहस्थ बंद पडलेल्या कंपनीच्या गेट मीटिंगची पत्रकं वाटतायत, तुमचा नंबर त्यांच्या डायरीत मिळाला. ती कंपनी मी शाळेतून कॉलेजात गेले तेव्हाच बंद पडली होती. अण्णांनी माळ्यावरचा जुना गठ्ठा काढला होता आणि नीट इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते. मी पोचले तेव्हा ते चहाच्या टपरीवर बसलेले. म्हणाले, "लोक यायला तयार नाहीत गं. वातावरण थंड आहे."

त्या दिवसापासून थकवा सुरू झाला. तो अजून गेलेला नाही.

मी डोंबिवलीत एका क्लासमध्ये इतिहास आणि मराठी शिकवते. सकाळचे तास उरकायचे, अण्णांना घेऊन ठाणं गाठायचं, टोकन घ्यायचं, बसायचं. वेटिंग रूममध्ये अण्णा दर दहा मिनिटांनी विचारायचे, आपण कुणासाठी आलोय? सुरुवातीला मी "तुमच्यासाठी" म्हणायचे. त्यांचा चेहरा पडायचा. मग मी "माझ्यासाठी" म्हणायला लागले. तेव्हा ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, काही होत नाही, घाबरू नको. दिवसातून आठ वेळा. मला ते सहन होत नसे आणि तेवढंच बरंही वाटत असे.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी रक्त तपासायला दिलं. मला राग आला होता. आजार डोक्यात आणि सुई दंडात! त्यांनी समजावलं. मेंदू काही वेगळ्या घरात राहत नाही. रक्तात जे कमी पडतं किंवा जास्त होतं, ते त्याला भोगावं लागतं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. यातलं काही बिघडलं तर माणूस विसरायला लागतो. आणि यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं. म्हणून ते आधी.

अण्णांचं बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. हे जीवनसत्त्व नसांना आणि मेंदूला लागतं. अण्णा कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेतात, म्हणजे साखरेची नेहमीची गोळी. ती दीर्घकाळ घेणाऱ्या काही जणांत बी-ट्वेल्व्ह उतरतं. (म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांना विचारा, माझं बी-ट्वेल्व्ह कधी तपासलंय?) इतकी वर्षं साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन आम्ही दवाखान्यांत गेलो, आणि एकानेही ही एक तपासणी लिहून दिली नाही. आम्हीही विचारलं नाही. प्रश्न विचारण्याचं शिक्षण देणाऱ्या घरात!

इंजेक्शनं सुरू झाली. महिन्याभरात अण्णांच्या पायांना येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या, चाल सुधारली, दुपारी झोपून राहणं कमी झालं. मी लगेच आशेवर आले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "जेवढं बी-ट्वेल्व्हमुळे होतं, तेवढं परत येईल. बाकीचं येणार नाही. वेग कमी करता आला तर आपण जिंकलो म्हणायचं."

मला वेग कमी करायचा नव्हता. मला अण्णा परत हवे होते.

उंदरांबद्दल मी याच दिवसांत वाचलं. प्रयोगशाळेत एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर कुशीला कूस लावून शिवतात, दोघांचं रक्त एकमेकांत फिरू लागतं. म्हाताऱ्याच्या मेंदूत काही ठिकाणी तरुणपणाच्या खुणा दिसतात आणि तरुणाच्या मेंदूत म्हातारपणाच्या. वयाबरोबर रक्तातच असं काही साठतं जे मेंदूला मागे ओढतं, आणि तरुण रक्तात असं काही असतं जे त्याला सावरतं, असा अंदाज. मी ते वाचलं आणि त्यातला उंदीर गाळला. अण्णांनी लाल शाईत पहिली खूण तिथेच केली असती.

दादाने माजिवड्याच्या एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवला. आम्ही दोघं गेलो. बाहेरून काचेची इमारत, आत वास नाही, टोकन नाही, कोच मऊ. तिथल्या बाईंनी आम्हाला प्लाझ्मा समजावून सांगितला: रक्तातल्या पेशी बाजूला केल्यावर उरणारं पिवळसर पाणी. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांचा प्लाझ्मा म्हाताऱ्या माणसाला द्यायचा, दर काही आठवड्यांनी. दाते तुम्हीच आणलेत तर उत्तम, म्हणाल्या. ओळखीतलं, निरोगी रक्त. मी विचारायला हवं होतं, कशावरून? मी विचारलं, किती दाते लागतील?

दादा गाडीत म्हणाला, "सुजू, दाते कुठून आणायचे?"

मला हसू आलं. जयंतीच्या शिबिराला आमच्या वस्तीतली पोरं रक्त द्यायला सकाळपासून रांग लावतात. ती रांग चाळीस वर्षांपूर्वी अण्णांनीच सुरू केली होती. पहिल्या शिबिराला फक्त सहा जण आले होते, त्यातला एक सुई बघून पळाला. अण्णांसाठी दहा पोरं मिळणार नाहीत? आणि त्यांना बोलवायचं कसं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी घरी आले आणि पत्रक लिहिलं.

दुसऱ्या घरातल्या मुलीने फोन फिरवले असते. मी मथळा शोधत बसले. "तरुणांनो, एका लेखणीसाठी रक्त द्या!" खाली तीन परिच्छेद. तरुण रक्ताने म्हातारा मेंदू पुन्हा तरुण होतो, हे विज्ञानाने दाखवलं आहे. ही पद्धत पूर्ण सुरक्षित आहे. ज्येष्ठ कार्यकर्त्याला वाचवण्याचा हाच एक मार्ग आता उरला आहे. मला वाटलं, इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं.

आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, मी त्याचं प्रूफ अण्णांसमोर ठेवलं.

रविवारची दुपार होती. आई भाजी निवडत होती. अण्णांनी चष्मा लावला, पट्टी ओळीखाली धरली, "वाच" म्हणाले. मी मूळ मजकूर वाचत गेले. पहिल्या परिच्छेदाला पेन थांबलं. कशावरून? दुसऱ्यालाही. कशावरून? तिसऱ्याला शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मजकुरात जोर आहे," ते म्हणाले. "पण ज्या माणसासाठी रक्त मागतेस, त्याला विचारलंस का?"

"अण्णा, ते तुम्हीच आहात."

त्यांनी मथळा पुन्हा एकदा वाचला. आईचे हात थांबले.

"मग मला विचार."

मी विचारलं. उंदीर, प्लाझ्मा, माजिवडा, सगळं सांगितलं. त्यांना मधे मधे धागा सुटत होता, मी परत पकडून देत होते. शेवटी ते म्हणाले, "नको. पोरं रक्त देतात ती अपघातात पडलेल्याला, बाळंतिणीला. तिथे ते लागतं, हे माहीत असतं. उंदराच्या भरवशावर मी त्यांच्या अंगातलं कसं घेऊ? चाळीस वर्षं लोकांना काय सांगितलं मग?" आणि मग, अगदी हळू, "मला भीती वाटत नाही असं नाही, सुजाता."

प्रूफच्या तळाशी त्यांनी लिहिलं: छापू नये. खाली सही केली, तारीख मला विचारून घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीही त्यांच्या लक्षात नव्हतं.

आता इथे मला जे सांगायचंय ते लाजेचं आहे. दादा फोनवर म्हणाला, "अगं, त्यांना आठवतच नाही ना? परत विचार. कागद दाखवू नको." मी त्याच्यावर ओरडले. आठवडाभराने मी तेच केलं. अण्णांनी त्या दिवशी सकाळी आईला तुमचं नाव काय म्हणून विचारलं होतं. आईने न रडता नाव सांगितलं, चहा दिला, आणि मोरीत जाऊन नळ सोडला. मी अण्णांजवळ बसले आणि म्हणाले, माजिवड्याला एक उपचार आहे, जायचं? मी विचारताना रडत होते.

अण्णांनी माझे डोळे पुसले. "तुला बरं वाटणार असेल तर चल."

म्हणजे माझ्याकडे दोन अण्णा झाले. एकाने कारण देऊन नको म्हटलेलं, आणि तो विसरून गेलेला. दुसरा हो म्हणाला, आणि तो माझ्यासमोर जिवंत बसलेला. मी क्लिनिकला फोन करून शनिवार ठरवला. दात्यांचं नंतर बघू, आधी तपासणी तरी करून घेऊ, असं स्वतःला सांगितलं. आईला सांगितलं तेव्हा तिला वाटेल, सुटलो एकदाचे, असा माझा समज होता.

आई सातवीपर्यंत शिकलेली. पत्रकं तिने कधी लिहिली नाहीत, घड्या मात्र हजारो घातल्या. ती म्हणाली, "ते चल म्हणाले ते तुझ्या तोंडाकडे बघून. प्रूफ वाचताना ते कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत."

एवढंच. आणि परत भाकरीकडे वळली.

शनिवारच्या आधी शुक्रवारी आमची नेहमीच्या डॉक्टरांकडे तारीख होती. मी ते लाल केलेलं प्रूफ बरोबर नेलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. अण्णांचा सवाल मी डॉक्टरांना विचारला. कशावरून?

डॉक्टरांनी शेवटची ओळ आधी वाचली. मग एकेका खुणेवर बोट ठेवत गेल्या. पहिली खूण: उंदरांमधलं खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. आपलं रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळणी असते, ब्लड-ब्रेन बॅरियर. वयाबरोबर ती झिजते. रक्तात इन्फ्लमेशनची, म्हणजे आत धुमसत राहणाऱ्या सुजेची द्रव्यं वाढतात. मेंदूच्या म्हातारपणात त्यांचा हात दिसतो. पण तरुण प्लाझ्मा दिल्याने माणसाचा हा आजार मागे फिरतो, हे सिद्ध झालेलं नाही. दुसरी खूण: सुरक्षित म्हणाल तर प्लाझ्मा म्हणजे सलाईन नव्हे. ॲलर्जी येऊ शकते, फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हाताऱ्या हृदयावर पाण्याचा भार पडतो. ज्याला खरी गरज आहे त्याला तो धोका पत्करून देतात.

तिसऱ्या खुणेवर त्या थांबल्या. "हाच एक मार्ग, असं तुम्ही लिहिलंय. एक सांगू? आणखीही एक प्रयोग आहे. चाकावर धावणाऱ्या उंदरांचं रक्त नुसत्या बसून राहिलेल्या उंदरांना दिलं, तर बसलेले सुधारले. मला त्यातून एवढंच कळतं, की धावल्याने रक्त बदलतं. तेही माणसात पुरतं सिद्ध व्हायचंय. पण चालायला कुणाचं रक्त लागत नाही. साखर आणि बीपी ताब्यात ठेवा, ऐकू कमी येतं तर कानाला मशीन लावा, बी-ट्वेल्व्ह चुकवू नका, रोज चालवा. चमत्कार नाही होणार."

"मग काय होईल?"

"थोडे जास्त दिवस ते तुम्हाला असं लाल करून देतील." त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं.

बाहेर अण्णा खुर्चीवर बसलेले. मी शनिवार रद्द केला. दादाने चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी तो आला तो अण्णांसाठी चालायचे बूट घेऊन. खाली बसून त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या.

आता आम्ही रोज सकाळी वालधुनीच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. नाल्याचा वास येतो, रिक्षा अंगावर येतात, अण्णा भिंतींवरचे फलक वाचतात आणि चुका मोजतात. एखाद्या दिवशी ते मला शिबिरातली मुलगी समजतात. मी दमलेय. हे म्हणायला लाजू नका असं मी तुम्हालाही सांगेन. प्रेम असतं आणि दमायलाही होतं. पाळी वाटून घ्या. आमच्याकडे रविवार दादाचा आहे.

माझा राग संपलेला नाही. जी तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते ती कुणी लिहून देत नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते काचेच्या इमारतीत विकलं जातं. पण त्या कोचावर मी स्वतः जाऊन बसले होते, हे मी विसरणार नाही. अंगात आलेल्या बाईकडे जाणाऱ्या शेजारणीला मी लहानपणी हसले होते. आता तिच्याविषयी लिहायचं झालं तर वेगळं लिहीन.

यंदाच्या जयंतीच्या शिबिरासाठी मी नवं पत्रक लिहिलं. "वय झालं म्हणून सोडून देऊ नका. विसर पडतोय? आधी रक्त तपासा." खाली तपासण्यांची नावं, प्रत्येकीपुढे साध्या शब्दांत एक ओळ. सगळं डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं. मग नियमाप्रमाणे अण्णांकडे. पट्टी, चष्मा, "वाच." लाल पेन दोनदा थांबलं, दोन्हीकडे शब्द अर्धवट सुटला होता. एकदाही त्यांनी समासात त्यांचा तो जुना शब्द लिहिला नाही.

शिबिराच्या दिवशी त्यांना वस्तीतल्या विहाराच्या दाराशी टेबल टाकून बसवलं. पासष्टच्या पुढे रक्त घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पत्रकं वाटायचं काम. प्रत्येक पोराला ते नाव विचारत होते, काही जणांना दोनदा. पोरं दोन्ही वेळा नाव सांगत होती. एक जण बाहेर जाताना म्हणाला, "अण्णा, तिसऱ्यांदा विचारलंत तर आधार कार्डच दाखवीन." अण्णा मनापासून हसले. त्या पोरांचे मी कसे आभार मानू, मला कळत नाही. त्यांच्याकडे मी काय मागणार होते, ते त्यांना माहीत नाही.

दुपारी गर्दी ओसरली. अण्णांनी एक पत्रक उचललं आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखं वरपासून खालपर्यंत वाचलं.

"चांगलं लिहिलंय. कुणी लिहिलं?"

"मी."

"कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"तुमच्या."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण जुना मिश्किलपणा होता.

"कशावरून?"

मी पिशवीतून ते लाल केलेलं प्रूफ काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पट्टी मागितली.